लांबलेल्या मालिका आणि आपला प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील मालिका फार लांबतात, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यालाच तिचा कंटाळा यावा. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून, व्यंगचित्रांतून, एकपात्री प्रयोगांतून मालिकांची टवाळी अखंड चालू असते. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतील जान्हवीचे गर्भारपण २०१५ मध्ये इतके रेंगाळले की त्यावरच्या विनोदांवर महाराष्ट्राने कित्येक महिने हसून घेतले. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ साली सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. म्हणीत सासूचे चार दिवस संपले की सुनेचे चार दिवस येतात. येथे सासूचेच अकरा वर्षे पुरले.

हसू मलाही येते. पण या टवाळीत काही तरी गफलत आहे असे मला सतत वाटत आले आहे. टवाळी करणारा पांढरपेशा समीक्षक लांबणीचे खापर दोघांच्या माथी फोडतो. एक, सुमार प्रतिभेचा लेखक. आणि दुसरी, संध्याकाळी पडद्यासमोर बसणारी 'अडाणी' बाई. ज्या व्यवस्थेला गोष्ट संपवणे परवडत नाही त्या व्यवस्थेला तो हात लावत नाही. म्हणजे प्रश्न अभिरुचीचा ठरतो आणि एकदा प्रश्न अभिरुचीचा ठरला की निवाडा करण्याचा अधिकार आपोआप समीक्षकाकडे जातो. दलित साहित्याच्या वाचकांना हा डाव नवा नाही. आपल्या आत्मकथनांच्या वेळी भाषा 'असंस्कृत' आहे, आशय 'एकसुरी' आहे असे म्हणणारे हेच लोक होते. तेव्हा मालिकांच्या लांबणीचा विचार आपण आपल्या बाजूने, आपल्या प्रश्नांसह केला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लांबी हा स्वतःमध्ये दोष नव्हे. तमाशातला वग रात्र उलटून तांबडे फुटेपर्यंत चालतो. भीमजयंतीच्या दिवसांत वस्तीत रंगणारा कव्वालीचा सामना पहाटेच्या आत संपला तर लोक नाराज होतात. चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र बारा खंडांचे आहे आणि ते वाचताना हे आवरते घ्यायला हवे होते असे मला कधी वाटले नाही, कारण विषयच तेवढा मोठा आहे. वगाची लांबी ऐकणारा ठरवतो. समोरची माणसे उठू लागली की सोंगाड्याला कळते. दैनंदिन मालिकेत समोरचा माणूस उठला काय नि बसला काय, पात्राला ते कळत नाही. कळते ते वाहिनीला, आणि तेही आठवड्याने, आकड्यांच्या रूपात.

हे आकडे कसे येतात ते पाहण्यासारखे आहे. २०१५ पासून बार्क नावाची संस्था देशभरातील निवडक घरांत यंत्रे बसवून दर आठवड्याला कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला ते सांगते. वीस कोटींहून अधिक टीव्ही-घरांच्या या देशात यंत्रे आहेत ती अर्ध्या लाखाच्या आसपास घरांत. दर गुरुवारी आकडे येतात आणि पुढच्या आठवड्यात कोण मरणार, कोणाचे लग्न मोडणार ते ठरते. निर्मात्याला पैसे मिळतात ते भागागणिक. बंगल्याचा सेट एकदा उभारला की त्याचा खर्च जितक्या जास्त भागांवर वाटला जाईल तितका फायदा. वाहिनीला जाहिराती मिळतात त्या दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने. चालू असलेली, आकडे देणारी मालिका बंद करून नवी आणणे म्हणजे जुगार. अशा स्थितीत कोणता शहाणा व्यापारी गोष्ट संपू देईल? साबण विकणाऱ्या कंपन्यांनी अमेरिकेत रेडिओवर ही पद्धत रुजवली, म्हणून तर या प्रकाराला तिकडे साबणाचे नाव पडले. तिथली 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ साली बंद पडली. बहात्तर वर्षे. आपल्याकडील सासू त्या मानाने अल्पायुषी म्हणायची.

पण मालिका म्हणजे हेच, असे काही विधिलिखित नव्हते. मेक्सिकोतील मालिकांचा नमुना समोर ठेवून दूरदर्शनने १९८४ साली 'हम लोग' सुरू केली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका दीडशेच्या आसपास भागांत, १९८५ च्या डिसेंबरात संपली. तिच्यातला कुटुंबनियोजनाचा सरकारी उपदेश लोकांनी सुरुवातीलाच नाकारला आणि तो कमी करावा लागला, हेही नोंदवले पाहिजे. लोकप्रिय असूनही गोष्ट संपू शकते हे तिने दाखवले होते. पुढे खासगी वाहिन्या आल्या, आठवड्याची मालिका रोजची झाली आणि २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेने अठराशेहून अधिक भागांचा पल्ला गाठून व्यापाऱ्यांना वाट दाखवली. नायक मेला, प्रेक्षकांनी आकांत केला, नायक परत आला. मरणसुद्धा अखेरचे नाही हे एकदा ठरल्यावर उरले काय?

आता एक उदाहरण जरा नीट तपासू. 'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली. मूळ मालिका बंगाली, नाव 'श्रीमयी'. बंगालीत ती २०२१ च्या अखेरीस संपली. मराठीत ती नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. हिंदीत तीच गोष्ट 'अनुपमा' म्हणून २०२० मध्ये उभी राहिली आणि तिनेही हजार भाग ओलांडले. म्हणजे एकच कथाबीज, एका भाषेत अडीच वर्षांत पिकले, दुसऱ्या भाषेत त्याला पाच वर्षे लागली. मराठी बाईचे दुःख बंगाली बाईच्या दुप्पट असते असे कोणी म्हणणार नाही. फरक पिकाचा नाही, बाजाराचा आहे.

आणि हे कथाबीज काही क्षुद्र नव्हते. पंचवीस वर्षे घर राबवणारी अरुंधती, तिला गृहीत धरणारा नवरा, त्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध, आणि एक दिवस या बाईला झालेली स्वतःची ओळख. मालिकेचे शीर्षक हाच एक प्रश्न आहे. आई घरात जे करते त्याला काम का म्हणत नाहीत? अरुंधती नवऱ्यापासून कायद्याने वेगळी होते, त्या घराचा उंबरठा ओलांडते, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. मी तो भाग आमच्या घरात आई, मावशी आणि शेजारच्या दोन बायकांच्या सोबतीने पाहिला आहे. त्यांतली एकही बाई त्या वेळी बोलली नाही. मराठी मालिकांत इतका गंभीर क्षण मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

गोष्ट तेथे संपली होती. परंतु सेट देशमुखांच्या बंगल्याचा होता. आकडे त्या बंगल्याला मिळत होते. म्हणून बाहेर पडलेल्या बाईला निमित्ते काढून पुन्हा पुन्हा त्या घरात यावे लागले. कधी मुलांसाठी, कधी सासूसासऱ्यांसाठी, कधी सणासाठी. पुढे तिचे दुसरे लग्न झाले आणि तेही तिला पुरू दिले नाही; दुसरा नवरा अपघातात मारला गेला. ही शोकांतिका नव्हे. शोकांतिकेला कार्यकारणभाव लागतो. हा कच्च्या मालाचा पुरवठा आहे. बाई सुखी झाली की माल संपतो. मला सर्वांत खटकते ते हे की लांबणीने नुसता वेळ खाल्ला नाही, तिने अर्थ उलटा केला. घर सोडणाऱ्या बाईची गोष्ट वाढवता वाढवता घराला बांधलेल्या बाईची गोष्ट झाली. ज्या बायकांनी तो उंबरठ्याचा भाग गप्प बसून पाहिला होता त्यांनाच पुढची तीन वर्षे हळूहळू सांगितले गेले की बाहेर पडले तरी सुटका नाही.

लांबणीचे तंत्रही याच अंगाने पाहिले पाहिजे. एका वाक्यावर पाच चेहरे तीन-तीन वेळा दाखवणे, दाराआडून ऐकणे, स्मृती जाणे, हुबेहूब दुसरा माणूस उगवणे, मधली काही वर्षे गाळून पुढे उडी मारणे हे सर्वांना पाठ आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. पण भरतीच्या मालात सणांचा वाटा केवढा आहे याकडे थोडे लक्ष द्यावे. मंगळागौर आली की दोन भाग, वटपौर्णिमा आली की दोन भाग, मग गौरी-गणपती, मग हळदीकुंकू. कथानक जागच्या जागी उभे राहते आणि व्रते पुढे सरकतात. ज्या व्रतांचा पाया आमच्या आज्यांनी १९५६ साली नागपुरात, आणि नंतर गावोगाव, देव्हारे रिकामे करून नाकारला, ती व्रते 'मराठी संस्कृती' या नावाने रोज संध्याकाळी आमच्या घरात परत येतात. देशमुख, गोखले, कुलकर्णी, जोशी यांच्या या घरांत बारा महिने सण असतात. पण १४ एप्रिल त्यांच्या दिनदर्शिकेत नसतो. पाच वर्षे चालणाऱ्या मालिकेत पाच वेळा एप्रिल येतो, हे येथे लक्षात ठेवावे. वेळ नव्हता असे तर त्यांना म्हणता येणार नाही.

माझी आई रोजंदारीने खुरपायला जायची. आता होत नाही. अक्षर तिला येत नाही, सही माझ्याकडून शिकली. मालिकांवर तिच्याइतकी नेमकी टीका मी विद्यापीठीय चर्चासत्रांत ऐकलेली नाही. अशाच एका मालिकेत दुपारची वेळ दाखवली होती, आठ-दहा बायका-पुरुष दिवाणखान्यात उभे राहून भांडत होते. आई म्हणाली, "आरं, ह्या मान्सांला कामाला जायचं नसतंय का?" मी हसलो, पण तिने विनोद केला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हते की एवढ्या माणसांची दुपार भांडणाला मोकळी कशी राहते. मालिकेचा लांबलेला काळ हा फुरसतीचा काळ आहे. ज्यांना मजुरी बुडेल ही भीती नाही त्यांनाच एवढे लांबलेले दुःख परवडते. आमच्याकडे मयताच्या तिसऱ्या दिवशी माणसे कामावर गेलेली असतात.

तरीही ती पाहते. का पाहते असे विचारले तर म्हणते, "त्येवढाच इरंगुळा. आन् बघू तरी, त्या कैदाशिनीचं काय हुतंय." या दुसऱ्या वाक्यात सारे आहे. प्रेक्षक लांबणीसाठी बसत नाही, निवाड्यासाठी बसतो. दुष्टाचे एक दिवस उघडे पडेल, भर चौकात पडेल, या आशेवर तो बसतो. आणि मालिकेचा सारा धंदा हा निवाडा उद्यावर ढकलण्यावर चालतो. कारस्थान करणारी बाई पकडली जाते, घराच्या इभ्रतीसाठी तिला क्षमा केली जाते, ती पुन्हा कारस्थान करते. पोलीस आले तर गोष्ट संपेल, म्हणून पोलीस येत नाहीत. 'घरातले घरात मिटवू' हे वाक्य या मालिकांत जितक्या वेळा उच्चारले जाते तितक्याच वेळा ते आमच्या गावांतल्या तंटामिटव्यांच्या तोंडूनही ऐकू येते. फिर्याद द्यायला निघालेल्या माणसाला वेशीवर अडवताना.

ही तुलना कोणाला अस्थानी वाटेल. मला ती अस्थानी वाटत नाही. खैरलांजी २००६ मध्ये घडले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली, आणि दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा काही सिद्ध मानला गेला नाही. ज्या समाजाचे आयुष्य तारखांत जाते, त्या समाजाला संध्याकाळी विरंगुळा म्हणून पुन्हा तारीखच दिली जाते. न्याय लांबणीवर पडणे हा ज्यांच्या दृष्टीने कथेतला 'उत्कंठावर्धक' घटक आहे, त्यांनी तो कधी भोगलेला नाही.

येथे कोणी विचारील, बाबासाहेबांवरच्या मालिकांचे काय? विचारायलाच हवे. स्टार प्रवाहवर १८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेला, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. ती मालिका आमच्या वस्तीत कशी पाहिली गेली हे सांगायला वेगळा लेख लागेल. तिच्यात दोष होते, प्रसंग गुळगुळीत केलेले होते, पण ती पुढे सरकत होती. २०२० मध्ये ती संपलीही. एक मोठे आयुष्य मावेल तितके मांडून ती थांबली याबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे.

हिंदीतले उदाहरण मात्र वेगळे आहे. अँड टीव्ही या वाहिनीवर डिसेंबर २०१९ मध्ये 'एक महानायक : डॉ. बी. आर. आंबेडकर' सुरू झाली. या मालिकेत जवळजवळ दोन वर्षे बालवयातलाच भीम होता. लहान भीम गोड होता, बुद्धिमान होता, अन्याय झाला की प्रश्न विचारत होता. पुढे पुन्हा एखादा जमीनदार, पुन्हा एखादा पुरोहित, पुन्हा एखादी विहीर, आणि पुन्हा भीमाचा प्रश्न. चरित्रात ज्यांचा मागमूस नाही असे प्रसंग यासाठी रचावे लागले. मला त्यांच्या हेतूविषयी शंका घ्यायची नाही. उत्तरेकडच्या कित्येक घरांत बाबासाहेबांचे नाव या मालिकेने पोहोचवले असेल, आणि ते थोडे काम नव्हे. पण बालपणच का ताणले गेले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मला त्याचे उत्तर असे दिसते. लहान अस्पृश्य मुलाची कीव करणे सोपे असते. पाणी न मिळालेल्या मुलासाठी सवर्ण प्रेक्षकही डोळे पुसू शकतो, त्यासाठी त्याला काही सोडावे लागत नाही. पण १९२० साली 'मूकनायक' काढणारा, १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळणारा, हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद फेकणारा माणूस पडद्यावर आला की डोळे पुसून भागत नाही. तो हिशेब मागतो. लांबणीला नेहमी कोणता तरी टप्पा मानवतो, आणि तो टप्पा कोणता यावरून लांबवणाऱ्याची मानसिकता कळते. येथे तो टप्पा दयेचा निघाला. संघर्षापर्यंत पोहोचायला इतका उशीर झाला की तोवर प्रेक्षकाला दयेचीच सवय लागून गेली.

उलट स्वतः बाबासाहेबांनी हे बालपण कसे सांगितले? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे टिपण १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. सारे मिळून वीस-पंचवीस पाने. त्यात १९०१ सालच्या प्रवासाची आठवण आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली चार मुले, मसूर स्टेशन, न आलेला शिपाई, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तरचा चेहरा, दुप्पट भाडे घेऊनही स्वतः पायी चालणारा गाडीवान, आणि जवळ शिदोरी असून पाण्यावाचून उपाशी काढलेली रात्र. काही पानांत हे संपते. रडणे नाही, पार्श्वसंगीत नाही. लगेच बडोदा, मग चाळीसगाव, मग दौलताबादच्या किल्ल्यावरचे पाणी. १९०१, १९२९, १९३४ अशी सालेच बोलतात. मूल मोठे झाले, विलायतेहून पदव्या घेऊन आले, पुढारी झाले, तरी पाणी तेच. आठवणी थोडक्यात आहेत म्हणूनच त्यांच्यामधले अंतर वाचकाला दिसते. मालिकेने तोच प्रसंग शंभर भागांत विरघळवला तर हे अंतर दिसणार कोणाला? दलित आत्मकथनांनीही हाच धडा गिरवला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा ते किती पानी आहे हे कोणी मोजले नाही. आणि बाबुराव बागुलांना 'जेव्हा मी जात चोरली होती' मधला स्फोट घडवायला कादंबरी लागली नाही, कथा पुरली.

आता या साऱ्या विवेचनाला छेद देणारी एक घटना सांगतो, कारण ती टाळून पुढे गेलो तर ते अप्रामाणिक ठरेल. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली. बावन्न भागांची ठरलेली मालिका अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत वाढली आणि ३१ जुलै १९८८ रोजी रामाच्या राज्याभिषेकाशी संपली. तेव्हा जालंदरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. हे कामगार वाल्मीकी समाजाचे. त्यांची मागणी होती की मालिका संपवू नका, उत्तरकांड दाखवा. ज्यांना आम्ही आमचे गुरू मानतो ते वाल्मीकी या गोष्टीत दिसलेच पाहिजेत. संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. अखेर सरकार नमले आणि त्याच वर्षी 'उत्तर रामायण' सुरू झाले.

या देशात एक मालिका लांबावी म्हणून झाडू खाली ठेवला गेला, आणि तो खाली ठेवणारे हात आपले होते. त्या वेळच्या सुशिक्षितांनी यावरही हसून घेतले. टीव्हीच्या मालिकेसाठी कसला संप! पण त्या कामगारांचे म्हणणे नीट ऐकले तर ते साहित्याच्या मुळाशी जाणारे आहे. गोष्ट संपली की नाही हे कोण ठरवणार? राजाला गादी मिळाली की तुमची गोष्ट संपते. आमची तेव्हा सुरूही झालेली नसते. ज्याने गोष्ट लिहिली त्यालाच गोष्टीबाहेर ठेवून तुम्ही समाप्तीची पाटी लावता. व्यापाऱ्याने केलेली लांबण आणि वगळलेल्याने मागितलेली लांबण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मघापासून मी जे मांडत आलो आहे त्याला ही मर्यादा घातलीच पाहिजे.

माझे त्यांच्याशी भांडण आहे ते दुसऱ्या मुद्द्यावर. १९८७ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाच्या चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले. त्यातील राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला आणि १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. रविवारी सकाळी सारा देश पडद्यावरच्या रामाला हार घालत होता, तेव्हाच आमची माणसे त्या रामाविषयी बाबासाहेबांनी लिहिलेली थोडी पाने वाचवण्यासाठी रस्त्यावर होती. आणि काही महिन्यांनी जालंदरची आमचीच माणसे त्याच रामाची मालिका वाढवून मागत होती. एकाच वर्षात, एकाच समाजव्यवस्थेच्या तळाशी, हे दोन मोर्चे. ज्या उत्तरकांडात वाल्मीकींचा आश्रम आहे त्याच उत्तरकांडात शंबुकाचा वधही आहे. शंबुकाचा प्रश्न बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात उभा केला होता. झाडू खाली ठेवण्यात केवढी ताकद आहे हे जालंदरने दाखवले. दिल्लीला आठवड्यांत नमवणारी ताकद. ती गटारात उतरणाऱ्या माणसासाठी यंत्र मागण्याकडे तेव्हा वळली असती तर? पण हा प्रश्न आज येथे बसून विचारणे सोपे आहे. हातात झाडू असलेल्या माणसाने आधी प्रतिष्ठा मागितली याचा दोष मी त्याला देणार नाही.

२०२० च्या मार्चअखेरीस, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि पाठोपाठ 'उत्तर रामायण'ही. त्या दिवसांत आमच्या गावाजवळच्या महामार्गावरून माणसे पोरे खांद्यावर घेऊन चालत होती. त्यांची गोष्ट कोणत्याही वाहिनीला लांबवावीशी वाटली नाही.

शेवटी लेखकांविषयी. माझा एक जुना विद्यार्थी, आपल्यातला, मुंबईत मालिकांचे संवाद लिहितो. वाहिनी आणि मालिका यांची नावे घेऊ नयेत असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते मी पाळतो. एकाने कथा ठरवायची, दुसऱ्याने पटकथा करायची, तिसऱ्याने संवाद लिहायचे, अशी तेथे कामाची वाटणी असते, तो तिसरा. रात्री दोन वाजता पाने पाठवतो, सकाळी त्यांचे चित्रण होते. त्याने मला सांगितले, "सर, माझ्या मालिकेतल्या खोट्या सहीचा उलगडा मी सात वेळा लिहिला. साती वेळा 'पुढच्या आठवड्यात' म्हणून परत आला." मग एका गुरुवारी आकडे पडले आणि निरोप आला की दोन आठवड्यांत गुंडाळा. तीन वर्षे अडवलेले सारे निवाडे दहा भागांत कोंबायचे होते. सहीचा उलगडा अर्ध्या मिनिटात झाला.

त्या मालिकेत एक स्वयंपाकीण होती. तीन वर्षे ती चहाचा ट्रे घेऊन येत होती आणि दाराआडून ऐकलेले सांगत होती. तिला नाव होते, आडनाव नव्हते. गुंडाळण्याच्या घाईत या पोराने अखेरच्या भागात तिला एक वाक्य दिले. घर विकले जाते, सर्वांचा हिशेब होतो, कारकून तिला पूर्ण नाव विचारतो आणि ती सांगते: नाव, बापाचे नाव, आडनाव. आडनाव आपल्यातले. ते वाक्य कापले जाईल अशी त्याची खात्री होती. घाईत कोणाच्या लक्षात आले नसावे. ते जसेच्या तसे प्रसारित झाले. त्याच्या आईने गावाकडून फोन करून विचारले, ती बाई आपल्या कुठल्या गावची?